नवसाची पायवाट आणि आपली विणकर घराणी



स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी यंदा आम्हांस आपल्या ज्ञातीच्या जुन्या चालीरीतींविषयी चार शब्द लिहिण्याची आज्ञा केली. लग्न, बारसे, वास्तुशांत यांविषयी जाणत्यांनी पूर्वी पुष्कळ लिहिले आहे. त्याच गोष्टी पुन्हा उगाळण्याऐवजी, जिच्याविषयी फारसे लिहिले गेले नाही अशी एक चाल आम्ही निवडली आहे. घरात मोठे दुखणे आले असता दुखणाइतास बरोबर घेऊन संपूर्ण कुटुंबाने देवाला पायी जाणे, ही ती चाल होय. आजची तरुण मंडळी हिला भाबडेपणा म्हणतात, तर काही वडीलधारी मंडळी हिचाच दाखला देऊन डॉक्टरकडे जाण्यास विलंब लावतात. जुन्या लोकांनी ही यात्रा प्रत्यक्षात कशी केली हे पाहिले, तर दोन्ही पक्षांना आपले म्हणणे थोडे बदलावे लागेल असे आम्हांस वाटते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पंढरीची वारी ही नवसाची यात्रा नव्हे. वारकरी विठोबाकडे काही मागण्यास जात नाही. माळ घातली की वारी चुकवायची नाही, एवढेच त्याचे व्रत. नवसाची यात्रा ही याहून निराळी, किंबहुना उलट. तीत मागणे असते, मुदत असते आणि फेड असते. आपल्या देवांग समाजात कुलस्वामिनी श्रीचौंडेश्वरीचा नवस बोलला जाई. कोणी जोतिबाला, कोणी तुळजापूरच्या भवानीला, कोणी जेजुरीला जाई. परंतु इचलकरंजी आणि आसपासच्या विणकर घराण्यांत आजारपणाचा नवस बोलायचा तो बहुधा श्रीक्षेत्र नरसोबाच्या वाडीला. वाडी एका दिवसाच्या चालीवर, हे एक कारण. आणि दत्तमहाराज व्याधी हरण करतात अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा, हे दुसरे.

ही श्रद्धा रुजली कशी, हे पाहण्यासारखे आहे. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी मूळचे वऱ्हाडातील कारंज्याचे. त्यांनी कृष्णाकाठी औदुंबर येथे एक चातुर्मास, पुढे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर वाडीस बारा वर्षे आणि नंतर भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापुरास दीर्घकाळ वास्तव्य केले. त्यांचे चरित्र सरस्वती गंगाधर यांनी ‘गुरुचरित्र’ या ग्रंथात गुंफले, आणि त्या ग्रंथाचे सप्ताह महाराष्ट्रात व कर्नाटकात घरोघर होऊ लागले. त्यातील कितीतरी अध्याय रोग्यांचे आहेत. पोटशुळाने गांजून नदीत जीव देण्यास निघालेला ब्राह्मण आहे, कुष्ठाने पीडलेला आहे, मुले जगत नाहीत म्हणून आक्रोश करणारी माता आहे. बुद्धिमांद्यामुळे निंदेस पात्र झालेला कोल्हापूरचा मुलगा भिलवडीच्या भुवनेश्वरीपुढे आपली जीभ कापून ठेवतो. देवी त्यास कृष्णेपलीकडे औदुंबराखाली बसलेल्या यतीकडे पाठवते, आणि तो नदी पोहून जातो. पोटशुळाच्या कथेत तर एक मौज आहे. ज्यास अन्न पचतच नाही, त्यास स्वामी सायंदेवाच्या घरी पोटभर जेवू घालावयास सांगतात, आणि तो त्या जेवणाने बरा होतो. वर्गात ही कथा सांगताना मुले हमखास हसत; आम्हीही हसत असू.

वाडीच्या मंदिराविषयी जी कथा परंपरेने सांगतात तीही आजारपणाचीच आहे. विजापूरच्या आदिलशाहाच्या मुलीची दृष्टी गेली होती. सर्व हकीम थकले तेव्हा बादशहा तिच्यासाठी वाडीस आला, पादुकांपुढे नम्र झाला, आणि अंगारा लावताच मुलीस दिसू लागले. कृतज्ञतेने त्याने मंदिर बांधविले व नदीपलीकडची गावे इनाम दिली, असे सांगतात. वाडीच्या मंदिरास इतर देवळांसारखे शिखर नाही, याचे कारण लोक हेच देतात. दुसरा इब्राहीम आदिलशाह (कारकीर्द १५८० ते १६२७) याने ‘किताब-ए-नौरस’ या आपल्या संगीतविषयक ग्रंथाच्या आरंभी सरस्वतीस वंदन केले आहे. त्या घराण्यातील बादशहा कृष्णाकाठी नवस करण्यास आला असेल, हे म्हणून आपल्या लोकांस कधी नवल वाटले नाही. आम्हांस या कथेत चमत्कारापेक्षा बापाचे येणे अधिक मोलाचे वाटते. ज्यास वैद्य बोलावून आणता येत होते तो स्वतः उठून आला.

आता आपल्या धंद्याशी ज्याचे थेट नाते आहे त्या आख्यानाकडे वळू. गुरुचरित्रात गाणगापूरच्या एका विणकराची कथा आहे. ग्रंथात त्याला ‘तंतुक’ म्हटले आहे. दिवसाचे तीन प्रहर तो माग चालवी आणि सायंकाळी मठाचे अंगण झाडून दुरून नमस्कार करी. शिवरात्रीच्या सुमारास त्याचे आईबाप व सोयरे श्रीशैल्याच्या यात्रेस पायी निघाले. त्यांनी त्यासही चल म्हटले. तो म्हणाला, माझे श्रीशैल्य येथेच आहे. लोकांनी त्यास मूर्ख ठरविले. शिवरात्रीस स्वामींनी त्यास डोळे मिटून पादुका धरावयास सांगितले आणि क्षणात श्रीशैल्याच्या पाताळगंगेकाठी उभे केले. आईबाप तेथे भेटले तेव्हा त्यांनी, चोरून मागून आलास काय, असे विचारले. आजच निघालो हे त्याचे उत्तर कोणी खरे मानले नाही.

कीर्तनकार या कथेचा अर्थ गुरुभक्तीचा लावतात, आणि तो योग्यच आहे. परंतु मागावर बसलेल्या माणसाच्या कानांनी ही कथा ऐकली की तीत आणखी एक गोष्ट ऐकू येते. विणकराला यात्रेस जाणे परवडत नाही. शेतकऱ्यास सुगीनंतर दोन महिने मोकळीक असते. माग मात्र बारमाही असतो. शिवाय आपला धंदा एकट्याचा नव्हे. पुरुष खड्डामागावर बसतो, बायका कांड्या भरतात, मुले तुटलेला धागा सांधतात, आणि पाजणीच्या दिवशी म्हाताऱ्यांचेही हात लागतात. कुटुंबातील एक माणूस उठला तरी काम अडते. सगळे उठले तर माग बंद, आणि सूत उधारीने घेतलेले असेल तर सावकाराचा तगादा सुरू. म्हणूनच ‘सहकुटुंब पायी येईन’ हा नवस विणकराच्या तोंडी फार मोठा होता. तो बोलताना घरातील कर्त्याने आपली आठवडाभराची मिळकत दुखणाइताच्या पारड्यात टाकलेली असे.

इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, तरी पुढे कित्येक वर्षे बहुतेक घरांत हातमागच होते. आमच्या घरातही तेच. घरात त्या काळची एक हिशेबाची वही आहे, मोडीत लिहिलेली. आमच्या वडिलांनी आम्हांस मोडी शिकविली ती याच वहीवरून. तीत शके १८४१ च्या माघात, म्हणजे १९२० च्या आरंभी, वाडीच्या एका यात्रेचा खर्च मांडलेला आहे. ही यात्रा आमच्या पणजीच्या डोळ्यांसाठी होती.

त्याआधी सव्वा वर्षापूर्वी, १९१८ च्या साथीत, जिला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत, घरातील दोन माणसे गेली होती. त्यानंतर पणजीची नजर मंदावू लागली. पुढे तिला कांडीवरचा धागा दिसेनासा झाला, आणि अखेर नातवंडांची तोंडेही दिसेनाशी झाली. रडून रडून डोळे गेले असे शेजारणी म्हणत. त्या काळी खेडोपाडी फिरणारे वैदू सुईने मोतीबिंदू खाली पाडीत. त्यात काहींना चार दिवस दिसे आणि मग डोळा कायमचा जाई. आजोबांना ते नको होते. त्यांनी वाडीचा नवस बोलला.

वहीतील नोंदी त्रोटक आहेत : नारळ, कापूर, खडीसाखर, सवाष्णींस जेवण, नावेची उतराई. उरलेले वर्णन आम्ही वडिलांच्या तोंडून ऐकले, आणि त्यांनी ते आजोबांकडून. घरातून सात माणसे निघाली. पणजीच्या हाती काठी, आणि काठीचे दुसरे टोक थोरल्या नातीच्या हाती. डोळस माणसाने एका दिवसात जावयाची वाट त्यांनी दोन दिवसांत काटली. पणजीस डोलीत बसविण्याची तयारी होती, पण नवस पायांचा आहे म्हणून ती बसली नाही. रात्री एका देवळात मुक्काम झाला. बरोबर भाकरी, पिठले आणि लसणीची चटणी होती. वाडीस पोचल्यावर संगमात स्नान, पादुकांचे दर्शन, प्रदक्षिणा आणि रात्रीची पालखी, असा पाच दिवसांचा नेम ठरला.

चौथ्या दिवशी घाटावर एक म्हातारी भेटली. तिच्या डोळ्यांवर पेल्याच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा होता. ती आपला नवस फेडण्यास आली होती. मिरजेच्या मिशनच्या इस्पितळात डोळ्यावरचा पडदा काढला, आता पोथी वाचता येते, असे तिने सांगितले. पणजीने तिचा चष्मा हाताने चाचपून पाहिला.

मिरजेचे हे इस्पितळ डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे. कॅनडात जन्मलेले हे मिशनरी वैद्य १८८९ साली या देशात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेस इस्पितळ उघडले. शस्त्रक्रियेत त्यांचा हातखंडा असून मोतीबिंदूसाठी लांबलांबून रोगी येत. पुढे १९२८ साली त्यांस ‘सर’ हा किताब मिळाला. मिरजेजवळच्या वॉन्लेसवाडीला त्यांचेच नाव आहे.

आजोबांनी नेम पुरा केला, अंगारा पदरी बांधला आणि पणजीस गाडीत बसवून कृष्णा ओलांडून मिरज गाठली. वाडीपर्यंत पायी जाण्याचा नवस होता. पुढे गाडीस हरकत नव्हती. असा काटेकोर हिशेब ते लोक ठेवीत. शस्त्रक्रियेनंतर डोळे बांधून, मान न हलविता कित्येक दिवस पडून राहावे लागे. इस्पितळाचे अन्न कसे घ्यावे हा प्रश्न होताच. तो आवारात तीन दगडांची चूल मांडून आजीने सोडविला. पट्टी सुटल्यावर पणजीने पहिल्यांदा काय पाहिले याविषयी घरात दोन मते आहेत. आत्या म्हणत, आजीचा चेहरा. वडील म्हणत, चुलीवरचा धूर. पुढे सोळा वर्षे ती जगली, आणि चष्मा नाकावर ठेवून तिने कांड्या भरल्या.

परत आल्यावर ज्ञातीतील दोघातिघा वृद्धांनी नाके मुरडली. नवस महाराजांचा आणि डोळे साहेबाचे, हे कसे काय? पणजीचे उत्तर आमच्या घरात अजून सांगतात. ती म्हणाली, “वाडीला गेले नसते तर मिरज कोणी दाखविली असती?” या उत्तरात पुष्कळ इतिहास आहे. त्या काळी वर्तमानपत्र घरात येत नव्हते, आणि जे येई ते वाचणारे थोडे. कोणत्या गावी कोणता वैद्य नामांकित आहे, कोठे औषध फुकट मिळते, कोणाचे दुखणे कशाने गेले, हे सारे यात्रेत कळे. एका घाटावर शंभर घरांची दुखणी एकत्र बसत आणि एकमेकांशी बोलत. आजारी माणसास घरच्या अंधाऱ्या खोलीतून उठवून चार लोकांत नेणारी दुसरी सोय आपल्या समाजाजवळ नव्हती.

मिरजेचाच आणखी एक दाखला देतो. थोर गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांस तारुण्यात प्लेगची बाधा झाली असता त्यांनी मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. पुढे त्यांनी मिरजेसच घर केले. दर्गा, मिशनचे इस्पितळ आणि थोड्या अंतरावर वाडी, असा हा सारा मुलूख रोग्यांचा आधार होता. आणि रोगी एका दारातून दुसऱ्या दारात जाताना कोणास विचारीत नसत.

मात्र या यात्रेची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. जेथे हजारो माणसे एकाच नदीचे पाणी पीत, तेथे पटकीही प्रसादासारखी वाटली जाई. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास पटकीच्या जंतूंचा छडा लावला, तरी ते ज्ञान घाटावर पोचण्यास फार काळ गेला. एकाचे दुखणे घालविण्यास गेलेली घरे दोघांचे दुखणे घेऊन परतल्याच्या हकिकती आपल्या जुन्या माणसांनी ऐकल्या आहेत.

वेड लागलेल्या माणसांच्या बाबतीत तर अधिक वाईट गोष्टी घडल्या. गाणगापुरास बाधा झालेल्यांस नेण्याची चाल जुनी आहे. माध्यान्हीच्या आरतीस तेथे जे दृश्य दिसते ते पाहिलेला मनुष्य सहसा विसरत नाही. घरची माणसे जवळ राहून सेवा करीत तोवर निदान रोग्यास माया मिळे. परंतु रोग्यास तीर्थावर सोडून घरी परतण्याची जी रीत काही ठिकाणी पडली, ती यात्रा नव्हे. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवाऱ्यात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागीच अडकून मेले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्यास साखळीने बांधण्यास मनाई केली. आपल्या ज्ञातीत आजही एखाद्या घरी मुलगा किंवा सून घुमी झाली, रात्री झोपेना, की प्रथम गाणगापूरचे नाव निघते आणि मनोविकाराच्या डॉक्टरचे नाव घेण्याची लाज वाटते. गाणगापुरास अवश्य जावे. पण पणजीच्या घरच्यांनी केले तसे करावे. बरोबर राहावे, आणि वाटेत मिरज लागली तर तिला वळसा घालू नये.

सर्वच यात्रा सफळ झाल्या असे समजण्याचे कारण नाही. त्याच वहीत पुढे १९३२ सालच्या दुसऱ्या यात्रेची नोंद आहे, आणि तिच्याविषयी वडील क्वचितच बोलत. आजोबांचा मधला मुलगा, वय वर्षे सात, विषमज्वराने अंथरुणास खिळला. या वेळी डॉक्टर आधी आले. ताप उतरण्याची वाट पाहणे आणि पातळ पदार्थांवर ठेवणे, याहून अधिक काही त्या काळी कोणाच्याच हाती नव्हते. विषमज्वरावर गुणकारी ठरलेले क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध १९४८ च्या सुमारास वापरात आले. मुलाचा आजार त्याच्या सोळा वर्षे अलीकडचा. एकविसाव्या दिवशी आजोबांनी नवस बोलला : मूल उठले की सहकुटुंब पायी येईन. तेविसाव्या दिवशी मूल गेले.

नवस फळला नाही म्हणजे फेड नाही, हा सर्वमान्य नियम. कोणीही आजोबांस दोष दिला नसता. परंतु त्या वर्षीच्या दत्तजयंतीस त्यांनी माग थांबविले आणि घरातील सर्वांना घेऊन ते वाडीस पायी गेले. पणजीही गेली, तिला आता काठीचे दुसरे टोक धरण्यास कोणी लागत नव्हते. आमचे वडील तेव्हा पाच वर्षांचे होते. अर्धी वाट ते आजोबांच्या खांद्यावर होते, एवढेच त्यांना आठवत असे. वाडीच्या एका वृद्ध पुजाऱ्यांनी विचारले, “नवस कसला?” आजोबा म्हणाले, “मुलाचा होता. मूल नाही. आम्ही मात्र येतो म्हणून बोललो होतो.” पुजाऱ्यांनी काही न बोलता नारळ घेतला आणि संकल्पात मुलाचे नाव उच्चारले.

वहीत त्या दिवसाखाली नारळ, कापूर, उतराई अशा नेहमीच्याच नोंदी आहेत. त्याखाली तिसऱ्या दिवशीची सुताच्या गठ्ठ्याची उधारी आहे.

वाडीची वाट आता डांबरी झाली आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिरोळ तालुक्यातील कित्येक घरांतील जुनी कागदपत्रे वाहून नेली. त्यांत आपल्या ज्ञातीच्या किती वह्या गेल्या याची गणती नाही. आमची वही उंचावरच्या फळीवर असल्याने वाचली. येत्या वार्षिक मेळाव्यात ती सभागृहात सर्वांस पाहण्यासाठी ठेवण्याचा आमचा विचार आहे. ज्या घरांत अशा मोडी वह्या, यात्रेचे हिशेब किंवा नवसाच्या नोंदी असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता मेळाव्यास बरोबर आणाव्या. ज्यांना मोडी येत नाही त्यांच्या वह्या वाचून देण्यास आम्ही दोन्ही दिवस दुपारी तेथे बसू.